तंबूतील हसू : फिरती चित्रपटगृहे, दादा कोंडके यांचे द्व्यर्थी विनोदपट आणि नंदुरबार परिसर

बीजसंज्ञा : फिरते चित्रपटगृह, द्व्यर्थी विनोद, सोंगाड्या, यात्रा, प्रेक्षक, खानदेश

प्रस्तावना

मराठी चित्रपटाचा विचार करताना ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘श्यामची आई’ (१९५३), ‘सिंहासन’ (१९७९) अशा कलाकृतींचा उल्लेख आवर्जून केला जातो. ज्या चित्रपटांना खेड्यापाड्यांतील प्रेक्षक गाड्या जुंपून गेला, त्या दादा कोंडके यांच्या विनोदपटांचा उल्लेख मात्र एक तर टाळला जातो, किंवा ‘गल्लाभरू’, ‘चावट’ अशा एखाद्या विशेषणात उरकला जातो. विशेषणाने विवेचनाची जागा घेतली की अभ्यास थांबतो. प्रस्तुत लेखात या चित्रपटांचे समर्थन करण्याचा हेतू नाही, अथवा त्यांच्यावर पुन्हा एकदा खटला भरण्याचाही नाही. हे चित्रपट कोणत्या प्रदर्शनव्यवस्थेत पाहिले गेले, त्यांतील विनोदाची भाषिक घडण कशी होती आणि नंदुरबारसारख्या बहुभाषिक सीमावर्ती जिल्ह्यात त्यांचा विचार कसा करता येईल, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केलेला आहे.

या विषयाला एक दूरचे पण उपयुक्त समांतर उदाहरण आहे. अमेरिकेत मोटारीत बसून उघड्यावर चित्रपट पाहण्याची ‘ड्राइव्ह-इन’ चित्रपटगृहे होती आणि त्यांच्या आश्रयाने अल्प खर्चाच्या, उच्छृंखल महाविद्यालयीन विनोदपटांचा एक प्रवाह वाहिला. आपल्याकडे मोटारीऐवजी तंबू होता आणि महाविद्यालयाऐवजी यात्रा होती. साम्य व भेद या दोन्ही अंगांनी ही तुलना बोलकी ठरते.

मोटारीतील प्रेक्षक

न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, शहराबाहेर वस्ती पसरली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशा चित्रपटगृहांची संख्या चार हजारांच्या वर गेली. त्याच सुमारास मोठ्या चित्रपटसंस्थांची घडी विस्कटली होती. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पॅरामाउंट’ खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे या संस्थांना स्वतःच्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली, आणि दुय्यम दर्जाचे स्वस्त चित्रपट काढण्यात त्यांना रस राहिला नाही. ड्राइव्ह-इनच्या मालकांना तर एका रात्रीत दोन-दोन चित्रपट दाखवायचे असत. ही भूक अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, पुढे रॉजर कॉर्मन यांची न्यू वर्ल्ड पिक्चर्स, क्राउन इंटरनॅशनल पिक्चर्स यांसारख्या छोट्या संस्थांनी भागविली.

१९६८ मध्ये जुनी नियमावली जाऊन वयानुसार वर्गीकरणाची पद्धत आली आणि पडद्यावर काय दाखवता येईल याची सीमा एकदम पुढे सरकली. ‘द स्टुडंट नर्सेस’ (१९७०), ‘द पॉम पॉम गर्ल्स’ (१९७६), ‘एच.ओ.टी.एस.’ (१९७९) ही त्या काळाची नमुनेदार नावे. ‘अ‍ॅनिमल हाउस’ (१९७८) हा मात्र मोठ्या संस्थेचा चित्रपट होता. त्याच्या अफाट यशानंतर स्वस्त अनुकरणांचा पूर आला. वसतिगृह, खोड्या, मद्य, चोरून पाहणे आणि शेवटी अधिष्ठात्याची फजिती, असा त्यांचा साचा ठरून गेला. घर सुटलेले आहे आणि नोकरी लागलेली नाही, अशा चार वर्षांच्या मोकळ्या अवकाशाचे हे चित्रपट होत.

पुढे शहरे वाढली, जमिनीचे भाव चढले, घड्याळे पुढे करण्याच्या उन्हाळी वेळेमुळे अंधार पडण्यास उशीर होऊ लागला, आणि अखेर घरोघरी व्हिडिओ आला. ड्राइव्ह-इन ओसरले आणि त्यांच्यासाठी काढलेले चित्रपट कॅसेटच्या दुकानात जाऊन बसले.

भारतात ही पद्धत फारशी रुजली नाही. अहमदाबाद व मुंबई अशा मोजक्या ठिकाणी तिचा प्रयोग झाला. ज्या समाजात सायकल हीच ऐपत होती, त्या समाजाला मोटारीतून चित्रपट पाहण्याची व्यवस्था लाभणे शक्यच नव्हते. त्याची स्वतःची व्यवस्था फार पूर्वीपासून होतीच.

तंबूतील प्रेक्षक

दादासाहेब फाळके यांनी आपले चित्रपट बैलगाडीतून गावोगाव नेऊन दाखविल्याचे सर्वश्रुत आहे. त्याच परंपरेचा विस्तार म्हणजे महाराष्ट्रातील फिरती चित्रपटगृहे, लोकांच्या बोलण्यातील ‘टुरिंग टॉकीज’ किंवा नुसता ‘तंबू’. एक मालमोटार, तिच्यात बसविलेले प्रक्षेपक यंत्र, कनाती, बांबू, दोरखंड, पडदा, कर्णे, विजेसाठी जनित्र आणि दहा-पंधरा माणसे एवढा हा संसार. प्रेक्षक जमिनीवर बसत. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला असे आणि दिवाळीच्या सुमारास तो बाहेर पडे. मोसम संपे तो वळवाच्या पावसाने.

यात्रा हे तंबूचे मुख्य उत्पन्नाचे ठिकाण. खरिपाचे पीक घरात आलेले, हातात थोडा पैसा खेळता, नातेवाईक गोळा झालेले आणि रात्री घरी परतण्याची घाई नाही, अशा वेळी माणूस देवदर्शन, खरेदी, कुस्ती, तमाशा आणि चित्रपट अशा क्रमाने, किंवा बहुधा याच्या उलट क्रमाने, यात्रा करी.

या व्यवसायाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय कोंडके यांच्या लोकप्रियतेचे स्वरूप कळत नाही. नवीन चित्रपटाची प्रत प्रथम मोठ्या शहरात लागे, तेथून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी जाई आणि बऱ्याच अवधीनंतर तंबूत येई. तोवर तिच्यावर ओरखडे उमटलेले असत, तुटलेले तुकडे जोडून जोडून मधली वाक्ये गळालेली असत. तंबूवाल्याला नवेपणाची गरज नव्हती. ओळखीच्या चित्रपटाची होती. कारण एकेका गावात त्याचे मोजकेच खेळ होत आणि जाहिरातीसाठी दुपारचा कर्णा एवढेच साधन होते. ज्याचे नाव कर्ण्यावर उच्चारताच हसू फुटते असा चित्रपट त्याला सोन्याच्या मोलाचा वाटणे स्वाभाविक होय. पौराणिकपट, मारधाडीचे हिंदी चित्रपट आणि दादा कोंडके अशी तंबूची ठरलेली त्रयी त्यातून सिद्ध झाली.

कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची नोंद गिनीज विक्रमांच्या पुस्तकात झाली. तिचा अभिमानाने उल्लेख केला जातो. मात्र रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, आणि हे माप पक्क्या भिंतींच्या चित्रपटगृहाचे आहे. तंबू एका गावात पंचवीस आठवडे राहत नाही. तो पंचवीस वर्षे त्याच यात्रेला तोच चित्रपट घेऊन येतो. हे यश मोजण्याचे परिमाण कोणत्याही विक्रमाच्या पुस्तकात नाही.

सोंगाड्या पडद्यावर येतो

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील नायगावच्या गिरणगावी वस्तीत झाला. मूळ गाव भोर परिसरातील इंगवली. ‘अपना बाजार’मधील नोकरी, बँड पथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक अशी वळणे घेत ते लोकनाट्याकडे आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मध्ये ते प्रथम पडद्यावर दिसले आणि १९७१ मध्ये गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित ‘सोंगाड्या’ आला. त्याची कथा सबनीसांचीच होती. दादर येथील कोहिनूर चित्रपटगृहात तो लागू देण्यावरून वाद झाला आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्तक्षेपाने तो प्रदर्शित झाला, ही घटना मराठी अस्मितेच्या राजकारणाच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) अशी रांग लागली. ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांच्याकडे आले. नायिका बहुतेक वेळा उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, संगीत राम-लक्ष्मण यांचे, आवाज महेंद्र कपूर व उषा मंगेशकर यांचे. संच ठरलेला, वेश ठरलेला, गुडघ्यापर्यंतच्या ढगळ चड्डीची लोंबणारी नाडीसुद्धा ठरलेली. अल्प खर्चात चित्रपट पुरा करण्याचे हे एक रहस्य होते आणि प्रेक्षकाला ओळख पटविण्याचे साधनही. तमाशाचा फडही याच रीतीने चालतो.

तमाशातील सोंगाड्या हा मूर्ख नव्हे, मूर्खाचे सोंग घेणारा असतो. गण झाला की गवळण येते. तीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांच्या संवादातून देव, राधा, बाजार आणि सासुरवाड एकमेकांत मिसळतात. पुढे बतावणीत सोंगाड्या प्रत्येक शब्दाचा उलटा अर्थ घेतो. सरदार एक बोलतो, सोंगाड्याला दुसरेच ऐकू येते आणि प्रेक्षकाला दोन्ही ऐकू येतात. कोंडके यांनी ही बतावणी जशीच्या तशी उचलून पोलीस चौकीत, शेताच्या बांधावर, लग्नमंडपात नेऊन ठेवली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी मुंबई राज्यात तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली, ती उठविताना सुधारणेच्या अटी आल्या. ‘लोकनाट्य’ हे शिष्टसंमत नाव त्या वातावरणात रूढ झाले. शहरी रंगभूमीने तमाशाची रचना घेतली, गण-गवळण घेतली, आणि चावटपणा गाळून, निदान मवाळ करून घेतला. जे गाळले गेले ते कोंडके यांच्या चित्रपटात परत आले, असे म्हणता येईल. त्यांचे चित्रपट पाहून नाक मुरडणारा सुशिक्षित वर्ग हा त्याच लोकनाट्याचा चाहता होता. हा विरोधाभास मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही.

द्व्यर्थाची घडण

अमेरिकेतील चित्रपटांना १९६८ नंतर दाखविण्याची मुभा मिळाली, म्हणून त्यांनी दाखविले. भारतात १९५२ च्या चलचित्र अधिनियमाखाली प्रमाणपत्राची पद्धत होती. १९८३ पर्यंत ‘सर्वांसाठी’ व ‘प्रौढांसाठी’ असे दोनच मुख्य वर्ग होते आणि दृश्याबाबत मंडळ कठोर असे. चित्रपट ग्रामीण यात्रेत चालवायचा तर तो सहकुटुंब पाहता आला पाहिजे, हे व्यावसायिक बंधन वेगळेच. परिणामी, तेथे जे काम देहाने केले ते येथे भाषेवर येऊन पडले. ‘अ‍ॅनिमल हाउस’च्या पठडीतील चित्रपट मुका करून पाहिला तरी पुष्कळसा कळतो. दादा कोंडके यांचा चित्रपट आवाज बंद करून पाहिला, तर एक ढगळ चड्डीतला माणूस निरागस चेहऱ्याने बोलताना दिसतो, इतकेच.

हा विनोद कसा सिद्ध होतो, हे चित्रपटांच्या नावांवरूनही दाखविता येते. ‘मुका घ्या मुका’ या नावात ‘मुका’ म्हणजे चुंबन आणि ‘मुका’ म्हणजे बोलता न येणारा, असा साधा श्लेष आहे. ‘आंधळा मारतो डोळा’ मध्ये श्लेष नाही, विसंगती आहे. परंतु ‘येऊ का घरात’ (१९९२) व ‘वाजवू का’ (१९९६) ही नावे अधिक विचार करण्याजोगी आहेत. मराठीत सकर्मक क्रियापदाचे कर्म संदर्भाने कळत असेल तर ते उच्चारले जात नाही. ‘आणू का?’, ‘देऊ का?’, ‘ठेवू का?’ असे प्रश्न घरात दिवसभर चालतात आणि कुणालाही काही वाटत नाही. कोंडके यांनी संदर्भ काढून घेतला आणि कर्माची जागा रिकामी ठेवली. ती जागा भरण्याचे काम ऐकणाऱ्याचे. शब्द निर्दोष, वाक्य निर्दोष, व्याकरण निर्दोष. दोष असलाच तर ऐकणाऱ्याच्या मनात, अशी बाजू ते परीक्षण मंडळापुढे मांडीत असत असे सांगितले जाते, आणि भाषिक दृष्टीने पाहता ती बाजू पूर्णतः खोटी नव्हती. पूर्णतः खरीही नव्हती. कारण वाक्यानंतरचा तो अर्ध्या क्षणाचा विराम आणि भाबडी नजर यांची योजना नटानेच केलेली असे.

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे दोन वेगळे दोष मानले. अश्लीलाचे लज्जा, जुगुप्सा व अमंगल अशा तीन भावांना अनुसरून प्रकार केले, आणि पुढे काही प्रसंगी हे दोषच गुण होतात असेही सांगितले. अधम प्रकृतीच्या पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द शोभतो, हा त्यांतील एक प्रसंग होय. मराठी समीक्षेने मात्र ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ यांची गल्लत केली. गावचा म्हणून ग्राम्य आणि ग्राम्य म्हणून अश्लील, असे ते सरळ समीकरण झाले. गिरणगावातून आलेल्या नटाच्या तोंडची बोली ऐकून जी नाराजी व्यक्त झाली, तिच्यात नीतीचा भाग किती आणि वर्गाचा भाग किती, हे तपासण्यासारखे आहे.

अर्थात, वर्गाचा युक्तिवाद पुढे करून सर्व काही माफ करता येणार नाही. या चित्रपटांतील पुष्कळ विनोद स्त्रीच्या शरीराला उद्देशून आहे. अंधत्व, मुकेपणा ही शारीरिक व्यंगे हसण्याची सामग्री म्हणून वापरली आहेत. १९८५ नंतरच्या चित्रपटांत कथा विरळ होत गेली आणि श्लेषांची नुसती माळ उरली. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४), ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटांत तर मराठी बतावणीचा आधारही सुटला. ‘सोंगाड्या’तील नाम्या तमाशाच्या नादाने घराबाहेर काढला जातो, कलावतीबरोबर फडात उभा राहतो, आणि त्याच्या भाबडेपणात एक करुण छटा असते. ती पुढे हरवली. सुरुवातीचे पाच-सहा चित्रपट आणि नंतरचे चित्रपट यांना एकाच मापाने मोजणे दोन्ही बाजूंनी अन्यायाचे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. या चित्रपटांना स्त्रिया येत असत, आणि पुष्कळ येत असत. तंबूत स्त्रियांची बसण्याची बाजू वेगळी असे, मध्ये दोर किंवा कापडी आडोसा बांधला जाई. ज्या विनोदाला पुरुषांच्या देखत हसणे घरात शक्य नव्हते, त्याला अंधारात आडोशापलीकडून हसता येई. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, विहिणींना उद्देशून म्हटलेले उखाणे यांत स्त्रियांचा स्वतःचा चावट विनोद पूर्वापार आहे. खानदेशातही लग्नातील गाण्यांत तो ऐकू येतो. त्यामुळे तंबूतील स्त्री ही केवळ विनोदाचे लक्ष्य होती असे म्हणणे अपुरे आहे. ती त्या विनोदाची जाणकारही होती. उषा चव्हाण यांनी साकारलेली ठसकेबाज, उलट उत्तर देणारी नायिका या प्रेक्षकवर्गाला आवडली असल्यास नवल नाही.

मोटारीतील व तंबूतील प्रेक्षकांत मूलभूत भेद येथेच आहे. ड्राइव्ह-इनमध्ये प्रत्येक मोटार ही एक बंद खोली होती. एका मोटारीतील हसणे दुसऱ्या मोटारीत ऐकू येत नसे. द्व्यर्थी विनोदाला मात्र गर्दी लागते. दुसरा अर्थ आपल्याला कळला हे कबूल करण्यासाठी माणसाला आधी शेजारच्याचे हसू ऐकावे लागते.

महाविद्यालय कोठे गेले ?

अमेरिकेतील प्रवाह महाविद्यालयाभोवती फिरतो, तर कोंडके यांच्या चित्रपटात महाविद्यालय जवळजवळ नाहीच. याचे कारण उघड आहे. ज्या प्रेक्षकाच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला एकही माणूस नव्हता, त्याला वसतिगृहातील खोड्यांचे आकर्षण वाटण्याचे कारण नव्हते. घर आणि काम यांच्यामधला मोकळा अवकाश त्याला यात्रेत मिळे, चार वर्षे नव्हे, चार रात्री. मराठी समाजात शिमग्याला जी बोलण्याची मुभा असते, तिचाच हा शेजारी.

मराठी चित्रपटातील तरुण शहरी वळणाचा झाला तो महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’ (१९८५) पासून. खऱ्या अर्थाने वसतिगृह व महाविद्यालयातील वयात येणाऱ्या मुलांचा चावट विनोदपट ‘बॉइज’ (२०१७), ‘बॉइज २’ (२०१८) यांच्या रूपाने आला, आणि पाठोपाठ ‘टकाटक’ (२०१९) हा उघडपणे प्रौढांसाठीचा विनोदपट. तोपर्यंत तंबू जवळपास उठले होते. हे चित्रपट पाहणारा विद्यार्थी नंदुरबारचा असो वा नाशिकचा, तो ते बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, कानात तारा घालून पाहतो. ड्राइव्ह-इनमधील बंद मोटार अशा रीतीने आपल्याकडे पोहोचली.

नंदुरबार परिसर आणि अभ्यासाच्या जागा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी १४ मार्च रोजी दादा कोंडके यांचे निधन झाले होते. म्हणजे त्यांच्या चित्रपटांचा सारा बहराचा काळ हा प्रशासकीय दृष्ट्या धुळे जिल्ह्याचा काळ आहे, हे संशोधकाने ध्यानात ठेवले पाहिजे. फिरत्या चित्रपटगृहांना महाराष्ट्र चित्रपटगृह नियमांखाली जिल्हाधिकाऱ्यांचा ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. कोणत्या गावी, कोणत्या तारखांना, कोणाचा तंबू होता याचा लेखी पुरावा अशा परवान्यांच्या नस्तींत असतो. मात्र मुदत संपलेल्या नस्ती नष्ट करण्याची कार्यालयीन रीत लक्षात घेता, त्यांचा शोध लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष हा तंबूच्या मोसमाचा ऐन भर. परंतु याच महिन्यांत सातपुड्यातील अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागांतील कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत गेलेली असतात. ती होळीच्या सुमारास परततात, तेव्हा भोंगऱ्या बाजार भरतात. एकाच जिल्ह्यात सपाटीचा प्रेक्षक आणि डोंगरातील प्रेक्षक यांचे करमणुकीचे पंचांग असे वेगळे आहे. यात्रेतील तंबूच्या प्रेक्षकाविषयी कोणतेही सरसकट विधान करण्यापूर्वी हा भेद पाहावा लागेल.

भाषेचा प्रश्न त्याहून मनोरंजक आहे. कोंडके यांचा श्लेष पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण मराठीत घडलेला. येथे घरी अहिराणी, गुजर, भिली, मावची, पावरी बोलणारा प्रेक्षक. नवापूरच्या रेल्वे स्थानकात तर फलाटच दोन राज्यांत विभागलेला असल्याने गुजरातीही कानावरची. क्रियापदाचे कर्म गाळण्याची सोय यांतील कोणकोणत्या भाषांत आहे, कोणता श्लेष अहिराणीत टिकतो आणि कोणता गळून पडतो, ज्याला शब्द कळला नाही तो शेजाऱ्याच्या हसण्यावर हसला की केवळ ढगळ चड्डीवर, या प्रश्नांची उत्तरे आज साठी ओलांडलेल्या प्रेक्षकांच्या मुलाखतींतूनच मिळू शकतील. भाषा, समाजशास्त्र आणि इतिहास या तीन विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळून करता येण्याजोगे हे काम आहे. जिल्ह्याच्या आदिवासी भागात ‘सोंगाड्या पार्टी’ या नावाने ओळखली जाणारी लोकनाट्याची स्वतंत्र परंपरा आहे. तिच्यातील सोंगाड्या आणि पडद्यावरील सोंगाड्या यांनी एकमेकांकडून काय घेतले, हेही पाहता येईल.

शेजारच्या मालेगावात १९९० च्या दशकातील व्हिडिओ पार्लरमधून आणखी एक शाखा फुटली. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा विडंबनपट नगण्य खर्चात काढला. मालेगावच्या अशा चित्रपटनिर्मितीवर माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. खानदेशी वळणाच्या हिंदीतील तबकड्या आणि नंतर आंतरजालावरील छोट्या विनोदी चित्रफिती हे तिचे पुढचे रूप. त्यांतील विनोद चावटपणापेक्षा विडंबनाकडे व मारामारीकडे झुकतो. तथापि ठरलेला संच, घरचा वेश, गावचे पटांगण ही काटकसर मात्र ओळखीची वाटते.

तंबूंचे पुढे काय झाले, हे ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या माहितीपटात पाहावयास मिळते. कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. घराघरांत दूरचित्रवाणी, गल्लीत व्हिडिओ, मग तबकड्या, आणि शेवटी ३५ मिलिमीटरच्या प्रती काढणेच थांबल्याने जुनी प्रक्षेपक यंत्रे निकामी झाली. काही मालकांनी अंकीय यंत्रे घेतली, काहींनी लोखंडाच्या भावाने यंत्रे विकली. या बदलात एक वेगळेच नुकसान झाले. एखाद्या तंबूची प्रत वर्षानुवर्षे चालून जेथे जेथे तुटली, तेथे तेथे ती जोडली गेली आणि त्या यात्रेच्या प्रेक्षकांनी चित्रपट त्या तुटीसकट पाठ केला. गळालेले वाक्य ते स्वतः मोठ्याने म्हणत. आज उपलब्ध असलेल्या स्वच्छ प्रतीत ते वाक्य जागेवर आहे. ते कोणत्या गावी कोण म्हणत असे, हे त्या गावच्या माणसांनाच विचारावे लागेल.